आजी आज भांडून नाही राहिल्या

मावशी आमच्याकडे कामाला आल्या त्या पहिल्याच सकाळी आईने त्यांच्या तीन चुका काढल्या. चहा फिक्का होता, चादरीचं एक टोक जमिनीला टेकत होतं आणि ‘पाणी’ म्हणायच्या ठिकाणी त्या ‘पानी’ म्हणाल्या होत्या. आई हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेली. निवृत्तीला वीस वर्षं उलटून गेली तरी तिच्या नजरेतली लाल शाई वाळली नव्हती. दुकानाच्या पाट्या, लग्नपत्रिका, वर्तमानपत्राचे मथळे, सुनेचा स्वयंपाक, डॉक्टरांचं अक्षर, सगळं ती तपासूनच पुढे सरकवायची. आधीच्या दोन बायका या तपासणीला कंटाळून काम सोडून गेल्या होत्या. या मावशींनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं आजी, उद्यापासून पाणी म्हणीन.” दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘पानी’. आईला बोलायला विषय मिळाला आणि दोघींचं जमलं.

आई तेव्हा ऐंशी ओलांडून गेली होती. गुडघे पार गेले होते, बीपीची गोळी जुनी होती, डोकं मात्र तल्लख. मी बँकेत, सकाळी साडेनऊला बाहेर पडले की संध्याकाळी सातच्या आत येणं नाही. म्हणून ब्यूरोकडून दिवसपाळीला बाई ठेवलेली. घरी येऊन म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या बाईला नागपुरात सगळे मावशीच म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. या ब्रह्मपुरीकडच्या, धानाच्या पट्ट्यातल्या. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा गेल्यावर पोरीला घेऊन नागपूरला आलेल्या आणि आमच्याकडे येण्याआधी एका वृद्धाश्रमात काम केलेल्या.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला गमतीची वाटायची. संध्याकाळी निघताना पिशवी खांद्याला अडकवून त्या दारात उभ्या राहायच्या आणि दिवसाचा हिशोब द्यायच्या. आजींनी दीड पोळी खाल्ली, दुपारी ताक घेतलं, पाच वेळा बाथरूमला गेल्या, तासभर झोपल्या, दोनदा भांडल्या. “एकदा पेपरावरून, एकदा माह्यावरून.” भांडणाचा आकडा त्या जेवणाच्या आकड्याइतक्याच गंभीरपणे सांगायच्या. आई आतून ओरडायची, “चहाडी झाली असेल तर निघा आता, बस जाईल!” मावशी तोही आकडा वाढवून घ्यायच्या. “पाहा, तीनदा झाल्या.”

हा हिशोब कशासाठी होता ते एका मे महिन्यात कळलं.

नवतपा चालू होता. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की पहिल्या नऊ दिवसांत नागपूरचा रस्ता दुपारी ओस पडतो. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, घराघरांतून डेझर्ट कूलर घरघरत असतात आणि वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास गल्लीभर येतो. मुंबई-कोकणातला माणूस घामाने निथळतो, त्यामुळे अंगातून पाणी जातंय हे त्याला दिसतं. विदर्भातली हवा इतकी कोरडी की घाम कातडीवर येतो न येतो तोच उडून जातो. अंग कोरडंच. म्हातारं माणूस म्हणतं, मला कुठे घाम येतोय, मग पाणी कशाला? आईही हेच म्हणायची. त्यात आदल्या दिवशी तिला तीनचार वेळा पातळ जुलाब झाले होते. संध्याकाळी ते आपोआप थांबले. रात्री तिने थोडा दहीभात खाल्ला आणि झोपली. आम्ही म्हटलं, निभावलं.

सकाळी मी डबा भरत होते. मावशी आईला चहा देऊन स्वयंपाकघरात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, आजी आज भांडून नाही राहिल्या.”

मी हसले. मावशी हसल्या नाहीत.

“चहात साखर टाकायची राहिली आज, मुद्दाम नाही जी, ध्यानातून गेलं. तरी छान झाला म्हनल्या. कवळी लावून दिली तं बोलताना टकटक वाजून राहिली, खाली बसतच नाही. मोरीत नेलं तं चौकट धरून उभ्या राहिल्या, म्हने अंधारी आली. अन् लघवी रात्रीपासून एकदाच, तीही जराशी, गर्द पिवळी. अंग पुसताना काखही कोरडी लागली. मले हे काही बरं दिसून नाही राहिलं.”

मी हातातला डबा ठेवला आणि आईजवळ गेले. ती पलंगावर टेकून बसली होती. पेपर मांडीवर होता, पण चष्मा डोळ्यांवर नव्हता. मी विचारलं, “आई, बरं वाटतंय ना?” ती म्हणाली, “हो, छान आहे सगळं.” जन्मात कधी ‘छान आहे सगळं’ न म्हटलेली बाई. मी तिला वार विचारला. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “शाळेला सुट्टी आहे ना आज?” मी फोन उचलला.

आमचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहतात, दवाखान्यात जाण्याआधीच आले. आधी त्यांनी आईला हसायला लावलं, दोन्ही हात समोर धरायला लावले, ओठांचा कोपरा ओघळतोय का, एखादा हात खाली जातोय का ते पाहिलं. बोटाला टोचून साखर बघितली, ताप पाहिला, छाती तपासली. अचानक गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पक्षाघात, साखर आणि जंतुसंसर्ग ही तीन दारं आधी ठोठवावी लागतात, असं ते म्हणाले. मग त्यांनी आडवं झोपवून रक्तदाब घेतला आणि आधार देऊन उभं करून पुन्हा घेतला. वरचा आकडा झोपलेलं असताना १३० होता, उभं केल्यावर १०४ वर आला. उभं राहिल्यावर वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर तो उतार दखल घेण्याजोगा. अंधारी येण्याचं कारण समोरच होतं. याच उताराने म्हातारी माणसं मोरीच्या दारात पडतात आणि घरचे म्हणतात, पाय घसरला.

मी आईच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहत होते. लहान मुलांना जुलाब झाले की अशी चिमूट घेऊन बघतात, एवढं ऐकून माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, “ते सोडा. या वयात प्रत्येकाच्याच हाताची कातडी अशी उभी राहते. पाणी पोटभर प्यायलेल्या आजींचीही राहील. बघायचीच तर छातीच्या हाडावरची बघा, आणि तिच्यावरही फार विसंबू नका.” जीभ दाखवायला सांगितली. तिच्यावर उभ्या चिरा पडलेल्या. लाळ आटली की कवळी हिरडीला धरून बसत नाही, म्हणून ती वाजत होती. मावशींनी सांगितलेल्या एकेका गोष्टीचं कारण ते सांगत गेले आणि शेवटी म्हणाले, “पण यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला काही अर्थ नाही. तोंड कोरडं औषधानेही पडतं. लघवी गडद गोळ्यांनीही होते. बाईंनी सगळ्याची मोट बांधून आणली आणि मुख्य म्हणजे कालच्या आजी आणि आजच्या आजी यांच्यातला फरक सांगितला. तो मला तपासून कळला नसता. मी यांना कालचं पाहिलंच नाहीये.”

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे, थोडंफार वाचलंही आहे. वयस्क माणसांतली पाण्याची कमतरता ओळखण्याच्या चाचण्यांचा एक मोठा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. कोरडं तोंड, चिमटीतली कातडी, लघवीचा रंग अशी वर्षानुवर्षं शिकवली जाणारी लक्षणं त्यात एकेकटी तपासली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांवर विसंबता येत नाही असं निघालं. थोडाफार उपयोग दिसला तो अगदी घरगुती गोष्टींचा. माणूस थकवा सांगतो का, आणि दोन जेवणांच्या मधलं त्याचं पिणं चुकतंय का. खात्री रक्ताच्या तपासणीनेच होते. रक्तातल्या विरघळलेल्या द्रव्यांचं प्रमाण ३०० च्या वर गेलं की शरीरात पाणी कमी पडलं असं मानतात. पण रक्त काढायची वेळ आली आहे हे आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं, आणि ते येतं मधल्या वेळचा चहा कोणी घेतला आणि कोणी टाकला हे ज्याला ठाऊक असतं त्याच्या.

रक्त तपासलं. सोडियम १५२ आलं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. युरिया, क्रिएटिनिनही चढलेलं. आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. सलाइन लागलं, पण थेंब मोजून. मला वाटत होतं की कमी झालंय तर पटकन भरून टाकावं. डॉक्टरांनी समजावलं की चढलेलं सोडियम झपाट्याने उतरवलं तर मेंदूला सूज येऊ शकते. ते सावकाशच खाली आणायचं असतं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, ते त्यांनी बंद केलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, “गुडघ्यांसाठी काही घेतात का?” आई घ्यायची. दुखणं वाढलं की समोरच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणवायची. बीपीची काही औषधं, लघवीची गोळी आणि वर दुखण्याची गोळी, ही तिन्ही एकत्र आली आणि त्यात अंगातलं पाणी कमी झालं की म्हाताऱ्या मूत्रपिंडांवर भलताच ताण येतो. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल त्या दिवशी यातलं काय थांबवायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवायचं असतं. तेव्हापासून आमच्या फ्रिजच्या दारावर तो कागद आहे.

दोन दिवस आई गोड वागत होती. सिस्टरना ‘थँक यू’ म्हणत होती, इडली आवडली म्हणत होती. येणारे-जाणारे म्हणत, किती शांत पेशंट आहे. मावशी ड्यूटी नसताना संध्याकाळी येऊन बसायच्या आणि त्या शांतपणाकडे संशयाने बघायच्या. वृद्धाश्रमातला त्यांचा अनुभव असा की आरडाओरडा करणाऱ्या, नळ्या ओढणाऱ्या म्हाताऱ्याकडे सगळे धावतात. गप्प होऊन पडलेल्याला लोक ‘आराम पडला’ म्हणतात. डॉक्टरांनीही हेच सांगितलं. वय झालेल्या माणसाचा अचानक झालेला गोंधळ दोन तऱ्हांचा असतो, एक बडबडा आणि एक मुका. मुका जास्त फसवा, कारण त्याचा कोणाला त्रास होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने चष्मा मागितला. समोरच्या भिंतीवर पाण्याच्या मशीनशेजारी एक कागद डकवलेला होता, ‘पिण्याचे पाणि’. तिने तो वाचला, सिस्टरला हाक मारली आणि म्हणाली, “बाई, ‘णी’ दीर्घ. इथे शिकलेली माणसं काम करतात ना?” सिस्टर गोंधळली. मावशी माझा दंड धरून म्हणाल्या, “आल्या आजी.” रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. त्यात सोडियम १४४ होतं.

मावशींना हे सगळं कोणी शिकवलं, असं मी पुढे एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “सासूनं.” मला वाटलं सासूने शिकवलं असेल. पण तसं नव्हतं. त्यांची सासू गावी उन्हाळ्यातच गेली. रोवणीचं, कापणीचं काम करून वाकलेली बाई. हगवण लागली, मग थांबली, मग ती दिवसभर निपचित पडून राहिली. घरचे म्हणाले, थकली, झोपू द्या. रात्री ती गेली. “ते पानी मागत नव्हती ना ताई. मागितलं असतं तं दिलं असतं आम्ही.” पुढे वृद्धाश्रमात काम करताना तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने त्यांना सांगितलं की सासू मागणारच नव्हती. या वयात तहान लागत नाही. आपण त्यांची तहान ध्यानात ठेवायची. त्या सिस्टरनेच मावशींना काखेत हात घालून बघायला, जिभेवरच्या चिरा बघायला आणि रोजच्या वागण्याचा हिशोब ठेवायला शिकवलं.

सिस्टरचं म्हणणं शब्दशः खरं आहे. १९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वीस ते एकतीस वर्षांचे सात निरोगी तरुण आणि सदुसष्ट ते पंच्याहत्तर वर्षांचे सात निरोगी वृद्ध, सगळ्यांना चोवीस तास पाणी दिलं नाही. वृद्धांच्या रक्तात पाण्याची तूट जास्त दिसत होती, पण तोंड कोरडं पडल्याची, तहानेची तक्रार तरुणांपेक्षा कमी होती. नंतर समोर पाणी ठेवलं तेव्हाही ते कमीच प्यायले. आणि ही धडधाकट माणसं होती, आजारी नव्हती. तहान मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते, आणि तरुण पुरुषाच्या शरीरात साठेक टक्के असलेलं पाणी म्हातारपणी पन्नासच्या आसपास येतं. साठा कमी, गळती जास्त आणि मागणी बंद. उन्हाळ्यात सरकारी फलकांवर ‘तहान नसली तरी पाणी प्या’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ सगळ्यांत जास्त कोणासाठी आहे हे मावशींच्या सासूची हकिगत ऐकल्यावर मला समजलं.

मावशी तिजोरीत दागिने ठेवावेत तशी ओआरएसची पाकिटं देवघराच्या कप्प्यात ठेवायच्या. त्या पाकिटामागेही असंच एक देणं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकी पसरली होती. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं, माणसं जमिनीवर पडलेली. कलकत्त्याहून आलेल्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या हिशोबाने मिश्रण करून पिंपांतून ते वाटायला सुरुवात केली. पाजायचं काम त्यांनी रोग्याजवळ बसलेल्या नातेवाइकांवर सोपवलं. आई, भाऊ, शेजारी, ज्याच्या हातात पेला त्याने पाजायचं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले. त्यानंतर, २०२३ मध्ये, त्यांना पद्मविभूषण जाहीर झाला. साखर आणि मीठ आतड्यातून एकत्र शोषलं जातं आणि पाण्याला सोबत ओढून नेतं, हे विज्ञान त्यांच्या आधी ठाऊक झालं होतं. त्यांनी ते बिछान्याशेजारी बसलेल्या, न शिकलेल्या माणसाच्या हवाली केलं. वृद्धाश्रमातल्या त्या सिस्टरने मावशींच्या बाबतीत वेगळं काय केलं?

पाकिटाच्या बाबतीत मावशी कडक होत्या. अख्खं पाकीट, मोजून एक लिटर पाणी. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकायचं नाही, वरून साखर घालायची नाही, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दुकानदाराने एकदा ओआरएस म्हणून गोड पेयाचा खोका दिला तर त्या परत करून आल्या. अशा पेयांत साखर भरमसाट असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला बंदी घातली, तेव्हा मला मावशींची आठवण आली. आणखी एक भेद त्यांना पक्का ठाऊक होता. जुलाब-उलट्यांत पाण्याबरोबर मीठही जातं, तिथे ओआरएस. नुसतं पिणंच कमी झाल्यामुळे आलेल्या कोरडीला साधं पाणी, चहा, फिकं ताक, पन्हं. चहाने अंगातलं पाणी जातं असं आई म्हणायची. रोजच्या दोनचार कपांनी तसं काही होत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात जाणारा चहाही पाण्याच्याच हिशोबात धरायचा.

आई दवाखान्यातून घरी आली तेव्हा मी नव्या बाटल्या आणल्या होत्या. मावशींनी बाटल्या बाजूला ठेवल्या आणि मोरीकडे गेल्या. “आजी पानी काहून नाही पीत, ते पाहा ना ताई.” आई पाणी पीत नव्हती कारण पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे गुडघ्यांवर उठायचं, अंधारा बोळ ओलांडायचा, ओल्या फरशीवर पाय ठेवायचा, आणि वेळेत पोचलं नाही तर पातळ भिजायचं. शिक्षिकेच्या जन्माला ते सोसणारं नव्हतं. म्हणून दुपारी चारनंतर ती घोट-घोट कमी करत जायची आणि रात्री तर शून्य. मावशींनी सुताराकडून बोळात कठडा लावून घेतला, रात्रीचा दिवा लावला, पलंगाजवळ कमोडची खुर्ची आणायला लावली आणि आईला बजावलं, “भिजलं तं भिजलं. धुवाले मी आहो ना?” पाण्याचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला.

उरलेला निम्मा त्यांनी पितळेच्या फुलपात्राने सोडवला. तांब्याभर पाणी पाहिलं की आईला दडपण यायचं. फुलपात्रात मावतं ते दोन घोटांत संपतं. “पाणी हवं का?” असं त्या कधीच विचारत नसत, कारण उत्तर ‘नको’ असणार हे ठरलेलं. त्या फुलपात्र हातात देऊन काहीतरी चुकीचं बोलायच्या. आई दुरुस्त करता करता पिऊन टाकायची. उठल्यावर एक, चहाआधी एक, गोळीबरोबर पूर्ण पेला, अकराला टरबुजाच्या फोडी, जेवताना वरणाचं पाणी, चारला पन्हं, जेवणाआधी ताक. पिण्याचा मोठा भाग संध्याकाळी सहाच्या आत संपवायचा, म्हणजे रात्रीची उठबस कमी. पाश्चात्त्य पोषणतज्ज्ञांचा हिशोब असा की वयस्क बाईने दिवसाला निदान १.६ लिटर आणि पुरुषाने २ लिटर पेयं घ्यावीत. नागपूरच्या मे महिन्यात त्याहून जास्तच लागणार. मात्र ज्यांचं हृदय अशक्त आहे, ज्यांच्या मूत्रपिंडांचा आजार पुढे गेला आहे किंवा ज्यांचं सोडियम कमी होतं, त्यांना पाणी मोजूनच दिलेलं असतं. तिथे आपलं शहाणपण चालवायचं नाही, डॉक्टरांचा आकडा पाळायचा.

उपासांबद्दल मात्र मोठं भांडण झालं. आषाढी एकादशीला आई दिवसभर फारसं काही तोंडात घालत नसे. मावशींनी विठ्ठलाची बाजू घेतली. “इठ्ठल म्हनते का तुमाले, पानी नका पिऊ म्हनून?” आई चिडली, ‘इठ्ठल’वरून दहा मिनिटं बोलली, आणि त्या दहा मिनिटांत दोन फुलपात्रं पिऊन झाली. संध्याकाळचा हिशोब देताना मावशींनी ते भांडण वेगळं सांगितलं.

आई त्यानंतर काही वर्षं जगली. गेली ती एका हिवाळ्यात, हृदयाने. आदल्या दिवशी तिने मावशींच्या पोहे करण्याच्या पद्धतीवर तपशिलात टीका केली होती. मावशी नंतर मुलीकडे ब्रह्मपुरीला गेल्या. निघताना मी त्यांना पैसे दिले, साडी दिली, आईचं फुलपात्र दिलं. हे देऊन काही फिटलं असं मला वाटत नाही. त्यांना महिन्याचा पगार ठरलेला होता, ब्यूरोच्या कागदावर कामांची यादी होती: आंघोळ, जेवण, औषधं, फिरवणं. दुसऱ्याच्या आईचा स्वभाव पाठ करणं त्या यादीत नव्हतं. आईच्या आयुष्याची जी वर्षं मला वाढवून मिळाली ती त्या न लिहिलेल्या कामातून मिळाली.

आता माझीच साठी उलटली आहे. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही हा नियम मी स्वतःलाही लावून घेतला आहे आणि माझ्या भांडणाचे विषय कोणते ते मुलाला सांगून ठेवलं आहे.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा नेहमीचा दिवस कसा जातो हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असू द्या. किती पितात, कितीदा जातात, कशावरून चिडतात. उन्हाच्या, तापाच्या, जुलाबाच्या दिवसांत त्यात अचानक फरक पडला, बोलकं माणूस गप्प झालं किंवा कडक माणूस मऊ झालं, तर ‘आज शांत आहेत’ म्हणून दार लोटून घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि दिवसभर त्यांच्याजवळ असणारी मावशी स्वयंपाकघरात येऊन काही सांगू लागली, तर हातातला डबा खाली ठेवा आणि तिचं पूर्ण ऐकून घ्या.